शेडकार्डावरचा भोपळा

भोपळ्याच्या वेलाचं एक आहे. बी एका जागी पेरलं तरी तो पेरापेराला जमिनीत मूळ सोडत जातो, आणि महिन्याभराने तो नेमका कुठून निघाला हे शोधावं लागतं. आमच्या मंडळातल्या किश्शांचं तसंच झालंय. एक सांगायला घेतला की त्याच्या बगलेतून दुसरा फुटतो, आणि ऐकणारा मध्येच थांबवून विचारतो, "पण एवढे मोठे भोपळे लावतं कोण? आणि कशाला?"

तर ते आधी सांगून टाकतो. आम्ही पाच जण होतो. शिरवण्याचे बाळाराम पाटील, ज्यांच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत हा सगळा उद्योग चालतो. जुईनगरचे इस्माईल मुकादम, टाइल्स आणि रंगाचं दुकान. खारघरचे सबनीस, एका कंपनीतून मॅनेजर म्हणून रिटायर झाले आणि आमच्यात येऊन पुन्हा मॅनेजर झाले. मी माधव, शाळेत गणित शिकवतो. पाचवी माझी बायको सुलभा. ती कॉलेजात जीवशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायची. तिला जाऊन आता तिसरं वर्ष चालू आहे.

कशाला, याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं होतं. पण ढोबळ मानाने सांगायचं तर बाकीच्यांना वजन हवं होतं आणि सुलभाला रंग हवा होता. मी पाणी घालायचो.

*

राक्षसी भोपळ्याचं बी आणलं सबनिसांनी, हे श्रेय त्यांना द्यायला हवं. ते स्वतःही घेतात. त्यांच्या भाच्याने परदेशातून पाकीट पाठवलं, आणि पहिल्याच हंगामात त्यांचा भोपळा असा फुगला की तो हलवायला टेम्पो लागला. वजन करायला बाळारामशेठच्या चुलतभावाचं भंगारचं दुकान ठरलं, कारण एवढा मोठा काटा ओळखीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. चार माणसांनी गोणपाटाची झोळी करून तो काट्यावर चढवला. अठ्ठ्याऐंशी किलो. भंगारवाल्यानेही हातातलं काम सोडलं.

सुलभा त्या भोपळ्याभोवती एक फेरी मारून आली. म्हणाली, "रंग कुठाय?"

मला स्वतःला रंगाचं कळत नाही, ते पुढे येईलच. पण तिच्या सांगण्याप्रमाणे तो जुन्या प्लास्टरसारखा होता, आणि सावलीच्या बाजूला खाकी. सबनीस दुखावले. म्हणाले, "वहिनी, एवढ्या वजनात रंग कोण बघतो?"

"मग सिमेंटची गोणी ठेवा की काट्यावर," सुलभा म्हणाली. "पन्नास किलो तर न लावता भरेल."

नंतरची सात वर्षं सबनीस तिला नमस्कार करताना भोपळ्याकडे बघायचे.

*

माझ्या डोळ्यांचं म्हणजे असं. कॉलेज संपल्यावर मी रेल्वेच्या परीक्षेला बसलो, पास झालो आणि मेडिकलला गेलो. तिथे डॉक्टरांनी ठिपक्यांची एक वही पुढे ठेवली. प्रत्येक पानावर ठिपक्यांत एक आकडा लपलेला असतो, तो वाचायचा. गणितात पहिला आलेला मुलगा, मला आकडे वाचायला काय अवघड? मी सगळी पानं उलटली. सगळीकडे नुसते ठिपकेच.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, "सिग्नल सोडून आयुष्यात काहीही कर."

म्हणून मी शिक्षक झालो. लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी हे चौघे मला एकाच घरातले वाटतात. लग्न ठरताना मी सुलभाला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ माझ्या शर्टाकडे बघत होती. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मला वाटलं, मुद्दाम घातलाय."

रंगाच्या बाबतीत तिने मला कधी फसवलं नाही. शर्ट वाईट दिसत असेल तर वाईट म्हणायची. कपाटातल्या प्रत्येक हँगरवर तिने चिकटपट्टी लावून ठेवली होती. "निळा, कशावरही चालेल." "हिरवा, तपकिरी पँटवर नको." "हा घालूच नका, तुमच्या बहिणीने दिलाय म्हणून ठेवलाय."

*

सुलभाला हवा होता तो रंग गेरू आणि शेंदूर यांच्या मधला. हे शब्द तिचे. देवळातल्या मारुतीवर शेंदराचे थर चढून चढून आतून जो गडदपणा येतो, तसा. मोठ्या जातीचं वजन आणि साध्या बाजारी तांबड्या भोपळ्याचा रंग एकाच फळात आणायचा, असा तिचा हिशेब. तीन हंगामांनंतर तिच्या लक्षात आलं की गेल्या वर्षीचा रंग आठवणीत जास्तच गडद होत जातो. तोलायला काहीतरी माप हवं.

म्हणून ती भोपळ्याची एक फोड डब्यात घालून मुकादमांच्या दुकानात गेली. तेव्हा आमची त्यांच्याशी ओळख नव्हती. मी सोबत होतो. तिने शेडकार्ड मागितलं, काउंटरवर पसरलं, डबा उघडला आणि साल एकेका चौकोनाला लावून बघू लागली. शेवटी चौथ्या रांगेतल्या शेवटून दुसऱ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली, "इथपर्यंत पोचायचंय."

मुकादमांनी चष्मा लावून पाहिलं. "भाभी, बेडरूमला घेऊ नका. झोप लागणार नाही."

"भिंत नाही रंगवायची. भोपळा."

मुकादमांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं दुकान चालवलेला माणूस. शांतपणे म्हणाले, "एक कोट की दोन?"

पुढच्या रविवारी ते शिरवण्याला हजर होते. ते शेडकार्ड त्यांनी तिला देऊन टाकलं, चौथ्या रांगेतल्या त्या चौकोनाभोवती बॉलपेनने गोल करून. दरवर्षी फळ पिकलं की सुलभा साल कार्डाला लावायची आणि कुठली रांग, कितवा चौकोन, हे वहीत लिहायची. आणि मग तिचा नियम: बियाण्याला फळ एकच ठेवायचं, सगळ्यांत गडद. बाकीची खायला वाटून टाकायची. मी एकदा म्हटलं, दोन ठेव ना, एक गेलं तर एक असेल. तर म्हणाली, "दोन ठेवली की माणूस दोन्हींवर माया करतो. निवडायचं म्हणजे टाकायला यायला पाहिजे."

*

तिच्या आजारपणातला हंगाम आम्ही फोनवर केला.

भोपळ्याला नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं. आपल्याला हवा तो संकर हवा असेल तर मादी कळी आदल्या संध्याकाळी दोऱ्याने बांधून ठेवायची, म्हणजे पहाटे ती उमलत नाही आणि मधमाशी आत शिरत नाही. मग सकाळी निवडलेलं नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या, मादी फुलाची गाठ सोडून त्यात टेकवायचं आणि पुन्हा बांधून टाकायचं. बांधायचं काम बाळारामशेठ करायचे. सकाळचं काम सुलभाचं, पण ती वॉर्डात होती. म्हणून सकाळी साडेसहाला मी वेलात उभा आणि ती व्हिडिओ कॉलवर.

"लांब देठाचं घ्या. ते नाही, लांब देठाचं. हां. पाकळ्या काढा. आता हळूच टेकवा. अहो, हळू."

शेजारच्या खाटेवर उरणकडच्या एक आजी होत्या. त्यांनी तीन दिवस हे ऐकलं. चौथ्या दिवशी सुलभाला विचारलं, "पोरी, बालंतपन कुनाचं हाय?"

"भोपळ्याचं, आजी."

आजींना यात काही वावगं वाटलं नाही. "बाप कसा हाय?"

"बाप वजनदार आहे. पण रंग आईचा यायला पाहिजे."

आजींनी विचार केला. "वजन बापाचं नि रंग आयचा? आमच्या घरान्यात असा कवा झाला नाय."

सुलभा एवढी हसली की सलाइनची सुई निघाली. मग फोनवर एक नर्स आली आणि तिने मला झाप झाप झापलं. मी शिरवण्यात उभा, हातात पाकळ्या काढलेलं फूल, आणि सॉरी सिस्टर, सॉरी सिस्टर म्हणतोय.

त्या फुलाचं फळ धरलं. सुलभा घरी आल्यावर पिकलं. तिने कार्डाला साल लावली. मग मुकादमांना फोन केला आणि एवढंच म्हणाली, "भाई, बॉलपेनचा गोल." ऊन त्या वर्षी लवकर तापलं होतं, त्यामुळे आतल्या बिया बहुतेक पोचट निघाल्या. भरलेल्या निघाल्या तेरा. त्या तिने वाळवून, पाकिटात घालून, फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागे ठेवल्या. पाकिटावर आई कोण आणि बाप कोण ते लिहिलं, आणि खाली स्वतःचं नाव. दीड महिन्याने ती गेली.

*

सबनीस पाचव्या दिवशी भेटायला आले. पांढरा सदरा, मान खाली. माणूस किती चांगलं होतं, मंडळाची कशी हानी झाली, हे सगळं व्यवस्थित बोलले. पंधरा मिनिटं झाली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते बी फ्रिजमध्येच आहे ना? नाही, तुमच्या भागात लाइट फार जाते म्हणून विचारलं."

मी म्हटलं, आहे.

मग त्यांनी योजना मांडली. माझ्याकडून रंगाचं काम काही होणार नाही, ही वस्तुस्थिती आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. तेव्हा तेराच्या तेरा त्यांच्याकडे द्याव्यात, ते त्यांच्या वजनदार वाणाशी संकर करतील. वजन येईल, थोडाफार रंगही येईल. वहिनींची आठवणही राहील. पाकिटावर काय लिहायचं ते आपण नंतर बघू.

जाताना दारात माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "बाकी काही लागलं तर संकोच करू नका."

मी दार लावलं आणि फ्रिजला कुलूप कुठे असतं ते शोधत बसलो.

त्या दिवशी मी ठरवलं. तो रंग पुन्हा एकदा यायला हवा, बॉलपेनच्या गोलातला. आणि त्याच्या बियांच्या पाकिटावर तिचंच नाव हवं. बाकी मला भोपळ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. आजही फारसं नाही.

*

दुःखात असलेल्या माणसाशी लोक कसं वागतात, ते मला मोज्यांवरून कळलं.

सुलभा गेल्यावर पंधरा दिवसांनी शाळेत गेलो. कपडे हँगरवरच्या चिठ्ठ्या वाचून घातले, त्यामुळे ते ठीक होते. स्टाफरूममध्ये सगळे उठून उभे राहिले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "छान दिसताय, सर. असंच फ्रेश राहायचं." शिपायाने न सांगता चहा आणला. सातवी-ब चा वर्ग, जो देव आला तरी शांत बसत नाही, तो शांत बसला. मी जिथे जिथे गेलो तिथे लोक खाली बघत होते. मला वाटलं, आदर आहे.

घरी परतताना मुकादमांच्या दुकानात टेकलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मग माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "सर, एक पाय लाल सिग्नलवर आहे आणि एक हिरव्यावर. थांबायचंय की निघायचंय?"

मोज्यांना हँगर नसतो, त्यामुळे मोज्यांना चिठ्ठी नव्हती.

दिवसभरात एवढ्या माणसांनी पाहिलं आणि कुणी बोललं नाही. मी मुकादमांना म्हटलं, तुम्ही बरे बोललात. ते म्हणाले, "सर, मी रंग विकतो. खोटा सांगितला तर माल परत येतो."

*

पहिला हंगाम मी एकट्याने केला, त्याचा किस्सा मंडळात अजून सांगतात. मीच सांगतो, म्हणजे त्यांना मीठमसाला लावता येत नाही.

तेरा बियांपैकी सहा लावल्या. चार वेल छान वाढले. फुलं यायची वेळ झाली तेव्हा बाळारामशेठ म्हणाले, "मास्तर, आता बांदायचं पन तुमीच बांदा. बायचं काम हाय ते. माजा हात नको." सुलभाला ते बाय म्हणायचे, त्यांच्या मनात आदर होता. पण बांधायचं कसं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मी फक्त सकाळचा माणूस. माझ्या कानात एकच वाक्य पक्कं बसलेलं: लांब देठाचं घ्या.

तर मी संध्याकाळी लोकर घेऊन गेलो आणि लांब देठाच्या कळ्या शोधून शोधून बांधल्या. अठरा. प्रत्येक गाठ नीट, फुलपुडी बांधावी तशी. सलग पाच दिवस.

सहाव्या दिवशी सकाळी बाळारामशेठ मागे हात बांधून वेलांतून चालत गेले. परत आले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"मास्तर, बाप्यांना सोवल्यात बसवलाव नि बायका वाऱ्यावर सोडल्याव?"

लांब देठ नराचा असतो. मादी कळीचा देठ आखूड, आणि कळीखाली सुपारीएवढा भोपळा आधीपासूनच असतो. तो मला दिसला होता. मला वाटलं, रोग आहे.

मधल्या पाच दिवसांत माद्या उमलून मिटल्याही होत्या. शेजारी सबनिसांचे वेल. मधमाश्यांनी जे करायचं ते केलं. चारही फळं मोठी झाली, आणि मुकादमांनी कार्ड लावून स्पष्ट सांगितलं, "सर, यातला एकही नाही. हे सबनीससाहेबांचं प्लास्टर आहे." सबनिसांनी त्यातलं एक बियाण्याला नेलं.

फ्रिजमध्ये सात बिया उरल्या.

*

या वर्षी मी सातही लावल्या. बी जुनं होत चाललं होतं, राखून ठेवण्यात अर्थ नव्हता. उगवल्या तीन. या वेळी बाळारामशेठनी माझा हात धरून एकेक मादी कळी दाखवली, आणि आम्ही दोघांनी बांधली. संकर तिघांचा आपसातच. प्रत्येक वेलावर एकच फळ ठेवलं. तीन वेल, तीन भोपळे.

जानेवारीत मुकादम मुलाकडे दोह्याला गेले. सुनेचं बाळंतपण होतं. मार्चमध्ये फळं पिकली तेव्हा मी त्यांना फोटो पाठवले. त्यांचा उलट फोन आला. "सर, मोबाइलवर रंग सांगणारा दुकानदार चोर समजा. मी एप्रिलअखेर येतो, समोर बघून सांगतो. तोवर काही कापू नका."

पण शिरवण्याचा सप्ताह मध्ये आला. बाळारामशेठकडे महाप्रसादाची भाजी होती. त्यांनी विचारलं, खायचे दोन भोपळे मिळतील का. आजवर सुलभा दरवर्षी द्यायची. नाही कसं म्हणणार?

म्हणून एका रविवारी मी शेडकार्ड घेऊन गेलो. तिन्ही भोपळे ओळीने मांडले. भंगारवाल्याच्या काट्यावर एक भरला एकसष्ट किलो, एक सत्तेचाळीस, एक एकोणतीस. मला तिन्ही ओल्या मातीसारखे दिसत होते. कार्ड सबनिसांच्या हातात दिलं आणि म्हटलं, फक्त एवढं सांगा, बॉलपेनच्या गोलाला सगळ्यांत जवळचा कुठला?

सबनिसांनी कार्ड पहिल्याला लावलं. दुसऱ्याला लावलं. तिसऱ्याला लावलं. मग बाळारामशेठना बाजूला घेऊन गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. दोघं परत आले. सबनिसांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माधवराव, अभिनंदन. तिन्ही. तिन्ही वहिनींचाच रंग."

मी बाळारामशेठकडे पाहिलं. ते भोपळ्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "व्हय मास्तर. सगलं येकच."

तीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला तीन सख्ख्या भावंडांचे मार्क सारखे आले म्हणून शंका यायला हवी होती. पण मला एवढं बरं वाटलं की मी तिथेच मातीत बसलो. बाळारामशेठनी पाणी आणलं.

सबनीस म्हणाले, "मग मोठाच ठेवा ना बियाण्याला. रंग सारखा आहे तर वजन का सोडायचं?"

त्यात चुकीचं काही नव्हतं. एकसष्ट किलोचा ठेवला, चाळीमागे सावलीत, गवतावर. नियम एकच ठेवायचा होता. उरलेले दोन मी स्वतः टेम्पोत चढवून देवळाच्या मंडपात पोचवले. मनात म्हटलं, बघ, टाकायला येतंय मला.

*

आता शेवटचा. हा मंडळात कुणी सांगत नाही.

महाप्रसादाच्या दिवशी काल्याचं कीर्तन लांबलं. मी आणि सबनीस मंडपाच्या मागे खुर्च्या टाकून बसलो होतो, पलीकडे चुली. स्वयंपाकाची देखरेख बाळारामशेठच्या भावजयीकडे, हिराबायकडे होती. पहाटेपासून वीस बायका घेऊन ती भाज्या कापत होती. आम्ही ताटकळलोय हे बघून तिने एका ताटलीत भोपळ्याच्या भाजलेल्या बिया पाठवल्या. गरम, टपोऱ्या, एकही पोचट नाही. सबनिसांनी मूठ भरून घेतली. मीही घेतली. मग आणखी एक घेतली. भूक लागली होती. मीठ जरा जास्त पडलं होतं, पण खाण्यात गोडी होती. बोलता बोलता ताटली संपली.

पंगत बसली. बाळारामशेठ वरण वाढत होते. हिराबाय स्वतः भाजी घेऊन आली, माझ्यासमोर थांबली आणि पळी तशीच धरून म्हणाली, "मास्तर, तो ल्हाना भोपला तुमचाच ना?"

म्हटलं, हो. दोन्ही माझेच.

"नाय, दुसऱ्याचं नाय बोलत मी. तो खाकी हाय, पोलिसाच्या पँटीसारका. चालीमागं ठेवलाय तो मोठापन तसाच. मी या ल्हान्याचं बोलतंय. कापाया घेतला तशा सगल्या बाया उठून बघाया आल्या. मारुतीला शेंदूर लावावा ना, अशी साल. माझी सासू बोलली, ह्याला सुरी लावू नको, ह्याची पूजा कर." ती हसली. "पन पाचशे मान्सं जेवायची, काय करनार?"

माझ्या शेजारी सबनिसांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे बघूनही तोंडाला लावला. बाळारामशेठ दोन पानं पलीकडे वाकले होते. ते वाकलेलेच राहिले. वरण पानाबाहेर गेलं.

मी विचारलं, "साल आहे?"

"सालं म्हशीला गेली सकालीच."

"आणि बिया?"

हिराबायला माझं नवल वाटलं. "बिया काय, मगाशी तुमीच खाल्ल्याव ना? दुसऱ्याच्या चिकट होत्या, त्या टाकल्या. ह्याच्या चांगल्या भरलेल्या होत्या, म्हनून खास तुमच्यासाठी भाजल्या. बाय असती तर तिलाच दिल्या असत्या." तिने माझ्या पानात भाजी वाढली. थोडी जास्तच वाढली. मग पुढच्या पानाकडे जाता जाता मागे वळून म्हणाली, "मला आपली शंका. मीठ जास्त नव्हतं ना झालं?"

"नाही," मी म्हटलं. "अगदी बरोबर होतं."